उणे एकशे शहाण्णव अंश

टाकीतील द्रव नायट्रोजन एकदाही कमी पडला नव्हता, तरीही यशोधन यांच्या गोठवलेल्या नमुन्यात एकही शुक्राणू जिवंत नव्हता. ते जाऊन आठ महिने झाले होते. पत्नी हेमांगी यांना त्यांचे मूल हवे होते. दुसरा नमुना नव्हता.

“ह्यांना फ्रीजचं पाणी सोसत नसे हो, डॉक्टर. थंडीच बाधली का?”

“नाही, ताई. थंडीच त्यांना राखत होती.”

नायट्रोजन उष्णता शोषून स्वतः उडून जातो आणि आत बुडालेले सारे गोठलेले ठेवतो. हेमांगी दर शनिवारी येत, “एकदा बघू द्या” म्हणत. मी नमुन्याची नळी चिमट्याने वर काढून त्यांच्यासमोर धरत असे. दर भेटीत नमुना थोडा वितळे आणि पुन्हा गोठे. शुक्राणू त्यानेच मेले.