मारेगेची वाट

सलग तिसऱ्या दिवशीही गलबताच्या तांडेलाने, नाबाने, दिशा सांगितली नाही, तेव्हा मार्थेनने सीलबंद पेटी मांडीवर घेतली.

पेटीत उपग्रहाशी बोलणारं यंत्र होतं. ते सुरू केलं की गलबत समुद्रात नेमकं कुठे आहे ते कळणार होतं, आणि त्याच क्षणी सफर फसली असं कागदावर लागणार होतं. सफरीच्या समितीची अटच तशी होती. इंडोनेशियातल्या मकासारहून मारेगेला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याला, लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या गलबतातून जायचं. होकायंत्र नाही, नकाशा नाही. नाबाच्या गालेसोंग गावचे आजे-पणजे समुद्रकाकडी नावाचा तळावरचा जीव वेचायला दरसाल असेच जात. पण राजधानीतल्या एका विद्वानाने लिहून ठेवलं होतं की ही माणसं जात नव्हती, वाऱ्याबरोबर वाहवत जात होती. ते वाक्य गावाच्या फार जिव्हारी लागलं होतं.

मार्थेन अंबोनचा, नौदलातून निवृत्त झालेला. समितीने त्याला सफरीचा साक्षीदार म्हणून पाठवलं होतं. माणूस नियमाला पक्का. निघण्याआधी त्याने पाण्याच्या पिंपांना झाकणं नाहीत म्हणून गलबत दोन दिवस अडवलं, नावाड्यांच्या यादीतलं साठीपुढचं एक नाव तांबड्या शाईने खोडलं, आणि सुटे दोर पुन्हा वळायला लावले. तांडेल नाबाने कशालाच हुज्जत घातली नाही.

पहिले बारा दिवस दृष्ट लागावी असे गेले. रोज सकाळी नाबा चुलीपाशी उकिडवा बसून ताडगुळाची कॉफी प्यायचा, स्वयंपाक करणाऱ्या बास्से मावशीची बोलणी खायचा, मग नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकावर, जाऊन डोळ्यांवर हात धरायचा.

"दुपारी उजव्या हाताला बेट," तो सांगायचा.

आणि बेट यायचं. मार्थेन ते वहीत लिहायचा तेव्हा त्याचं अक्षर आपोआप मोठं व्हायचं.

मावशी नाबाची सख्खी. तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. भाताचा हंडा ती दुसऱ्या कुणाला घासू देत नसे. मागे सुकाणूच्या खालच्या फळीवर उतरायची, पाय पाण्यात सोडायची आणि घासत बसायची.

"हंडा आहे की नवरीचं तोंड, मावशी?" मार्थेनने एकदा चिडवलं होतं.

"तुमची पेटी द्या, तीही घासून देते," ती म्हणाली होती.

शेवटचं बेट मागे पडलं आणि आभाळ भरून आलं. त्याच दिवशी मावशी तापाने फणफणली. नाबाने शीड उतरवलं, ते उतरवलंच.

"सूर्य दिसत नाही म्हणून अडलास का?" मार्थेनने आता विचारलं.

"मावशी आजारी आहे, साहेब. मला काही सुचत नाही."

"मग तर पेटी उघडायलाच हवी. मदत मागवू. म्हातारीच्या जिवापेक्षा तुझी शेखी मोठी आहे का?"

उत्तर फळ्यांखालून आलं, मावशीच्या चिरक्या आवाजात.

"त्या पेटीला हात लावलात तर तुमच्या भातात खडे घालीन."

खलाशी हसले. मार्थेनला हसू आलं नाही.

"उद्या सकाळपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "उजाडलं की सील फोडणार."

उजाडलं, पण सूर्य काही दिसला नाही. मावशीने उठल्या उठल्या हट्ट धरला होता, पोरांनी माझा हंडा करपवलाय, मला फळीवर न्या. शेवटी दोघांनी तिला उचललं, कमरेला दोर बांधला आणि पाय पाण्यात सोडून बसवलं. ती हंडा घासू लागली. मधेच हात थांबायचा, डोळे मिटायचे. नाबा तिच्या पाठीला हात लावून शेजारी बसला होता. मावशी-भाच्याची ती माया मार्थेनला बघवेना. त्याने मान वळवली आणि सीलवर अंगठा ठेवला.

तेवढ्यात नाबा उठला. नाळेवर गेला. डोळ्यांवर हात धरला.

"शीड चढवा. नाळ डाव्या हाताला घ्या. दुपार कलायच्या आत मारेगे."

मार्थेनने आभाळाकडे पाहिलं. तिथे वाट दाखवणारी एकही खूण नव्हती. पण हा माणूस आजवर एकदाही चुकला नव्हता. त्याने अंगठा काढून घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा नियम वाकवला.

दुपारी तांबड्या मातीचा कडा दिसला. कड्यावर चिंचेची झाडं होती. त्या मुलखात चिंच मुळची नव्हे. आजे-पणज्यांनी चिंचा खाऊन टाकलेल्या चिंचोक्यांची ती झाडं. खलाशी मोठमोठ्याने रडले. मार्थेनचाही ऊर भरून आला. वाहवत आलेली माणसं चिंचा खात बसत नाहीत, हे आता तो त्या विद्वानाला तोंडावर सांगणार होता.

त्याने पेटी न उघडताच बाजूला सारली आणि समितीचा दाखला काढला. 'दिशा सांगणाऱ्याचं नाव' या ओळीवर त्याने ऐटीत लिहायला घेतलं, "तांडेल ना..."

नाबाने त्याचं मनगट धरलं.

"माझं नको, साहेब. नाव तुमच्याच यादीत आहे. पहिलंच. तुम्ही खोडलंत, म्हणून ते चुलीपाशी बसवावं लागलं."

मार्थेनने यादी उघडली. त्याच्या तांबड्या रेघेखाली टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'पायांना लागणाऱ्या लाटांवरून दिशा पाहणारी, बास्से, वय अडुसष्ट.'