पॉलिशखालची चीर

चिंचवडात बंदूकदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या हिंदुरावांपुढे सिक्युरिटी एजन्सीच्या सुपरवायझरनं जुनी रायफल ठेवली. ती रोज खांद्यावर वागवणारा बँकेचा पहारेकरी रोहिदास दाराशी उभा होता. हिंदुरावांनी रायफल उघडली. बोल्ट अडकतो ती पोलादी खाच पार झिजली होती, आणि तिथून केसाएवढी चीर गेली होती. “ही दुरुस्त व्हायची न्हाई. बार काढला की बोल्ट उडून तोंडावर बसंल.” “वेल्डिंगनं भरा, वर काळं पॉलिश मारा,” सुपरवायझर म्हणाला. “उद्या तपासणी आहे. गोळी झाडायचीय कुणाला? नुसती दाखवायला असते, राव!” हिंदुरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी रायफल त्याच्यापुढे धरली. “मग लाव गाल, काढ एक बार!” सुपरवायझर दोन पावलं मागं सरकला. रोहिदासनं कमरेचा काडतुसांचा पट्टा सोडून त्याच्या हातात दिला. “साहेब, उद्या पहाऱ्याला तुम्हीच थांबा.”