टाकीचा मेल

नासलेल्या दुधाचा भपकारा सर्व्हरच्या खोलीपर्यंत पोचला होता. मी नाकाला ओढणी बांधून कीबोर्ड पुढ्यात ओढला.

"दुधाची टाकी तापली की हा सर्व्हर मला मेल करतो म्हणे. एकही आला नाही!" डेअरीचे मॅनेजर वाघचौरे खेकसले. "डबडं आहे नुसतं!" दसऱ्याच्या पूजेचा वाळका झेंडू अजून त्या डबड्यावर लोंबत होता.

मी चाचणीचा मेल पाठवला. सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंद आली, 'पोचला'. वाघचौरेंचा मेलबॉक्स मात्र रिकामाच. मग सेटिंगची फाइल उघडली. त्यांच्या नावाचा प्रत्येक मेल परस्पर नष्ट करावा, असं तिथे चक्क लिहिलेलं होतं.

"मीच करून घेतलं होतं ते," वाघचौरे तोंडात सुपारी टाकत म्हणाले. "सारखी कटकट! आता ती ओळ काढा आणि रिपोर्टात सर्व्हरचा दोष लिहा."

वासापेक्षा या माणसाचीच मला शिसारी आली. मी ओळ काढली आणि मेल जायच्या यादीत त्यांच्या पत्त्याशेजारी डेअरीच्या चेअरमनचाही टाकला. टाकी अजून तापलेलीच होती.

पलीकडच्या केबिनमधून चेअरमनचा आवाज आला, "वाघचौरे, टाकी तापल्याचा मेल आलाय मला. सर्व्हर बिघडलाय म्हणत होतात ना?"