मुखवट्याखालचा तीळ

जपानमधल्या तोयामा शहरातल्या थिएटरात मुलांसाठीचा पहिला खेळ सुटला, तसा सहायक ओकाबेने अभिप्रायांचा गठ्ठा दिग्दर्शिका चिझुरूच्या पुढ्यात ठेवला. "बाई, पोरं तुमच्याही वरताण निघाली! आवडत्या प्रसंगाचं चित्र काढा म्हटलं, तर सगळ्यांनी हिरोचा मुखवटाच उतरवलाय." चिझुरू हसली. तिच्या ॲनिमेशनपटातला सुपरहिरो ना मुखवटा काढत होता, ना तोंडातून शब्द. मुखवट्याखालचा चेहरा तर तिने कधी रेखाटलाच नव्हता. ती एकेक कागद उलटू लागली. प्रत्येक चित्रात एकच मुलगा होता: पुढचा दात तुटलेला, डाव्या डोळ्याखाली तीळ. तिचा हात थबकला. चाळीस वर्षांपूर्वी नदीत वाहून गेलेला तिचा धाकटा भाऊ अगदी असाच दिसायचा. शेवटच्या कागदावर एका मुलीची तक्रार होती: "सिनेमा आवडला. पण शेवटी तो विचारतो, 'ताई, माझा हात का सोडलास?' ताईने उत्तर द्यायला हवं होतं."