हेल्मेटवरचा लाल डाग

"कोणत्या गाढवानं घासलं हे?" होलुब म्हातारा माझ्यावरच खेकसला. अमेरिकन फुटबॉलची जुनी हेल्मेटं मॅचच्या फोटोंशी ताडून खरी-खोटी ठरवणं हा त्याचा धंदा. अठ्ठ्याहत्तरच्या फायनलचा फोटो समोर होता. त्यात खेळाडूंच्या ढिगाखालून एकाचं हेल्मेट तेवढं दिसतं, त्यावर समोरच्या टीमच्या हेल्मेटचा लाल रंग लागलेला. "तो मीच," असं बाबा कायम सांगायचे, गावात कुणी मानलं नाही. मी तपासायला आणलेल्या बाबांच्या हेल्मेटवर तो डागच नाही, नुसती चकाकी. "गाढव कुणाला म्हणतोस, थेरड्या?" मी टेबलावर हात आपटला. "बाबाच घासतात. टकरा खाऊन खाऊन डोकं गेलंय त्यांचं. अजून टीममध्येच आहोत असं वाटतं त्यांना, कोच तपासणार म्हणून रोज पॉलिश करतात." होलुबनं चष्मा काढला. "पोरा, तोच पुरावा होता." बाहेर हॉर्न वाजला. "बाबा गाडीत पॅड चढवून बसलेत. हेल्मेट दे. आज त्यांची मॅच आहे. निघतो मी."