कंपनीचा सायलेन्सर

रोज अवसरीहून चाकणला कामावर जायच्या छोट्या हॅचबॅकचा गोरक्षनं पिकअप वाढवला, ब्रेक बदलले, पण इतकं जपून की गाडी एकदाही वाटेत बंद पडली नाही. फक्त तिला बसवलेला नवा सायलेन्सर संध्याकाळी उसातल्या वाटेनं येताना डरकाळ्या फोडायचा.

“कानठळ्या बसत्यात रं गोरक्षा,” त्या वाटेवरच्या वस्तीवरची तानूबाई म्हणायची. “आमच्या म्हाताऱ्याची मेंढरं बुजत्यात.”

शेवटी रविवारी त्यानं कंपनीचा जुना सायलेन्सर परत बसवला. सोमवारी गाडी उसातून गुपचूप घरी आली. मागोमाग बातमी आली. मेंढरं कोंडताना तानूबाईच्या म्हाताऱ्याला बिबट्यानं ओढून नेलं.

सकाळी ठसे बघत वनरक्षक गोरक्षला म्हणाला,



“जनावर आधीपासनंच या उसात असणार, भाऊ. इतके दिवस कशानं बुजून वस्तीपासनं लांब राहिलं, कोण जाणे.”