वीसचं मानक

“साठ? हा आकडा वर पाठवणार आहेस तू?” विभागप्रमुखांनी तक्ता टेबलावर आपटला.

“डोक्याच्या स्कॅनला आपण किरणांचा तेवढाच डोस देतो, साहेब.” ताई म्हणाली. बावीस वर्षं ती सीटी स्कॅनचं यंत्र चालवत होती.

“आणि बाकीच्यांनी पन्नास लिहिलं तर? आपली काय शोभा राहील? वीस लिही.”

“वीसवर काही दिसत नाही, साहेब.”

“तुला लिहायला सांगितलंय. बघायला नाही.”

विभागप्रमुखांना त्यांच्या पाठीमागे सगळे फीतकापे म्हणत. यंत्र आलं त्या दिवशी त्यांनी त्याची फीत कापली होती, आणि त्यानंतर तळमजल्यावरच्या त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. बढती तळमजल्यावर मिळत नाही, हे त्यांना फार लवकर उमगलं होतं. ताईनं वीस लिहिलं. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, नवऱ्याची नोकरी कच्ची. साहेबांशी वाद घालायला अंगात जोर लागतो, तो घरीच संपायचा.

असे तक्ते देशभरातून मागवले होते. कारण चांगलंच होतं. एकाच डोक्याला एका रुग्णालयात चाळीसचा डोस मिळे, दुसरीकडे नव्वदचा. जो तो आपल्या मनाचा राजा. सगळीकडे एकच पद्धत असावी म्हणून अकरा तज्ज्ञांची समिती नेमली. त्या अकरांपैकी एकानंही कित्येक वर्षांत यंत्राचं बटण दाबलं नव्हतं. समितीनं आठ बैठका घेतल्या. त्यातल्या तीन तक्त्यात रकाने किती असावेत यावरच गेल्या. शेवटी कंटाळून त्यांनी सगळ्यांत लहान आकडा शोधला आणि तोच देशाचं मानक म्हणून जाहीर केला. एकाला जमतं तर इतरांना का जमू नये? फीतकापेंना सन्मानचिन्ह मिळालं. कुणी विचारलं नाही तरी ते त्याची गोष्ट सांगू लागले.

मानक लागू झालं आणि ताईला परक्या रुग्णालयांतून फोन येऊ लागले. “ताई, वीसवर आम्हाला कवटीत नुसतं धुकं दिसतंय हो. तुम्ही कसं करता?”

“सवयीनं जमतं,” ती सांगायची, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिला कुणाकडे बघवत नसे. महिन्याभरानं फोन थांबले. जमलं असेल बिचाऱ्यांना, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

मग एक शिंपी आला. माळ्यावरून कापडाचा गठ्ठा काढताना शिडीवरून पडला होता. डोकं दुखतंय म्हणत होता, पण स्वतःच्या पायांनी चालत आला होता. मानकाप्रमाणे ताईनं वीस लावलं. पडद्यावर वाळू सांडल्यासारखं चित्र उमटलं. डॉक्टरांनी डोळे बारीक करून पाहिलं, काही नाही म्हणाले आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी त्याला उचलून आणलं. उजवं अंग लुळं पडलं होतं. या खेपेला ताईनं कुणाला न विचारता साठ लावलं. रक्ताची गाठ स्पष्ट दिसली, कडेला जुनं साकळलेलं रक्तही दिसलं.

“परवा नव्हतं का हो हे दिसलं?” शिंप्याच्या बायकोनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्या दिवसापासून ताईनं कुणालाच वीस लावलं नाही. साठ लावायचं आणि नोंदवहीत वीस लिहायचं. लिहिताना दर वेळी तिला त्या बाईचा चेहरा दिसायचा.

दोन महिन्यांनी फीतकापे न्हाणीघरात घसरून पडले. कपाळाला टेंगूळ घेऊन, बायकोच्या आधारानं ते पहिल्यांदाच त्या खोलीत रुग्ण म्हणून आले. यंत्राच्या टेबलावर आडवे झाले, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

“किती लावतेयस?”

“वीस, साहेब. मानक आहे ना.”

ते ताडकन उठून बसले. “वेड लागलंय का तुला? माझं डोकं आहे हे! साठ लाव.”

“आणि नोंद?”

ते पुन्हा आडवे झाले. डोळे मिटून घेतले. “नोंद वीसचीच. एवढंही सांगावं लागतं का?”

ताईनं साठ लावलं. चित्र लख्ख आलं. साहेबांच्या डोक्यात काही नव्हतं. अहवालातही तसंच लिहिलं गेलं, आणि संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळ्या मजल्यांवर फिरून आलं.

ताई मात्र हसली नाही. तिनं नोंदवही उघडली आणि साहेबांच्या नावापुढे साठ लिहिलं. मग पानं मागे उलटत शिंप्याच्या दुसऱ्या स्कॅनपर्यंत गेली. तिथपासूनचा प्रत्येक वीस खोडून साठ केला, प्रत्येक खाडाखोडीशेजारी सही केली. शेरा लिहायच्या जागी एकच वाक्य लिहिलं : वीसवर माणूस दिसत नाही. त्रैमासिक तक्ता तसाच भरला आणि साहेब घरी विश्रांती घेत होते तेवढ्यात समितीकडे पाठवून दिला. नोकरी गेली तर गेली. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

पंधरा दिवसांनी समितीचं पत्र आलं. फीतकापे ते हातात घेऊन स्वतः तळमजल्यावर आले, तिच्यापुढे धरलं. ताईनं उभ्या उभ्या वाचलं :

“देशातल्या इतर तीनशे एकोणचाळीस रुग्णालयांनी वीसचं मानक तंतोतंत पाळलं असून, उत्तम चित्रं मिळत असल्याचं कळवलं आहे. साठचा आकडा फक्त आपल्याकडेच आढळला. खुलासा करावा.”